नकाशावरची टिकली

मी जगाचा नकाशा बोलतोय. उरणला, येसूबाईंच्या पडवीत भिंतीवर असतो. दुपारी पंखा लागला की माझे समुद्र हलतात आणि मला पेंग येते. पेंगेत वाटतं, पाणी सगळं एकच आहे आणि देशांच्या रेघा कुणी पेन्सिलीने मारल्यात, खोडता येतील.

माझा जन्म पावणे गावातल्या छापखान्यातला. येसूबाईंचा मुलगा प्रितम सहावीत असताना या घरी आलो. पुढे तो मालवाहू जहाजावर लागला आणि मी गुंडाळून कपाटामागे गेलो. तिथे झुरळांनी माझा दक्षिण ध्रुव खाल्ला.

यंदा दूर दोन देशांत लढाई पेटली. समुद्राची चिंचोळी वाट बंद झाली आणि प्रितमचं जहाज आत अडकलं. फोन लागेना. तेव्हा येसूबाईंनी मला बाहेर काढलं आणि जहाजाच्या जागी आपल्या कपाळावरची टिकली लावली. त्यांचा भाऊ अंकुश बंदरात कामाला. जहाज कुठे आहे ते मोबाइलवर बघून तो रोज सांगायचा, तशी त्या टिकली केसभर इकडेतिकडे सरकवायच्या.

मग माझ्यासमोर न्यायनिवाडा चालायचा. येसूबाईंचे यजमान रामचंद्र म्हणायचे, दोन्हीकडचे पुढारी येडे. अंकुश म्हणायचा, येडे कसले, पक्के हिशोबी. जो आधी मागे हटेल त्याला घरचेच खातील. एकदा रामचंद्र बोलून गेले, "तुला त्यांचा लय पुळका. पोर तुजा नाय ना."

अंकुश चहा तसाच ठेवून उठला.

रामचंद्रांचं म्हणणं, तो उठून गेला, त्यानेच यावं. अंकुशने बहिणीला फोनवर सांगितलं, भावजी विचारतील तेव्हाच मोबाइलवर बघेन. लागलं होतं त्याला. दोघांचंही आपापल्या जागी बरोबर होतं, आणि मला त्याचीच भीती वाटली. चार दिवस टिकली हलली नाही. येसूबाईंच्या घशाखाली घास उतरेना.

पाचव्या दिवशी त्यांनी मला खिळ्यावरून काढलं, काखेत मारलं आणि भावाची ओटी गाठली. मागोमाग रामचंद्रही आले.

"तुमी दोगं पन शाने," त्या म्हणाल्या. "मंग माजा पोर कुठं हाय, ता कोनाला ठाव का नाय?"

अंकुशने मान खाली घालून मोबाइल काढला. जहाज परवाच सुटलं होतं. दोन दिवस मोकळ्या समुद्रात होतं, आणि ही माउली उपाशी बसली होती. टिकलीचा डिंक गेलेला. रामचंद्रांनी भाताचं शीत लावलं, अंकुशने बोट ठेवून जागा दाखवली. माफी कुणीच मागितली नाही.

ते पुढारी शहाणे की येडे, मला विचारू नका. जवळून बघितलं तर जो तो शहाणाच दिसतो, आणि मी पडलो लांबून बघणारा. टिकली आता रोज बोटभर इकडे सरकते. ती उरणला टेकली की मला खुशाल कपाटामागे टाका. उत्तर ध्रुवही झुरळांना देईन.