जोडी कशाला म्हणतात

बैलांच्या बाबतीत मला अक्कल शिकवणारा रेवदंड्यापासून अलिबागपर्यंत जन्मला न्हाय. एक उंच, एक बुटका बैल जुंपला की जू कलतं, मान सोलते, नांगर वाकडा जातो. म्हणून सत्तावन्न साली, सातवीला शिकवणाऱ्या माझ्या लेकीने, केसरने, टपालवाल्या येसाजीशी लग्न करीन म्हटलं तेव्हा मी साफ न्हाय म्हणालो. माणूस सोन्यासारखा, पण पोरीच्या खांद्याला लागतो. गाव हसेल, म्हटलं, ही काय जोडी झाली? ती म्हणाली, करीन तर त्याच्याशीच. त्यावर आठ दिवस माझ्याशी बोलली न्हाय. आई नसलेली पोर. ती गप्प झाली की घर खायला उठायचं.

नवव्या दिवशी न जेवताच शाळेत गेली. भाकरी बांधून मी मागोमाग गेलो आणि वर्गाच्या दारात उभा राहिलो. फळ्यावर एक आडवी रेघ, तिच्यावर एक कललेली. एका अंगाला एकशे वीस अंश, दुसऱ्या अंगाला साठ. केसर म्हणाली, ही रेषीय जोडी.

मला राहवेना. म्हटलं, "बाई, एक दुप्पट आणि एक निम्मा, याला जोडी कोण म्हणतं?"

पोरं खिदळली. तिने मात्र परक्याला सांगावं तसं शांतपणे सांगितलं. कोन सारखे असायला लागत न्हाईत, दोघे मिळून एकशे ऐंशी भरले पाहिजेत. एक वाढला की दुसरा तेवढाच आखडतो, खालची रेघ सरळच राहते. असे दोन कोन लांब लांब असले तरी ते पूरक. एका रेघेवर शेजारी आले, मधली बाजू दोघांची एक झाली, की रेषीय जोडी.

नांगराला हे लागू न्हाय, एवढं मला कळत होतं. पण लेकीला मी कुठे नांगराला जुंपणार होतो!

"म्हणजे लगीन लागायच्या आधी पूरक," मी म्हणालो, "अन् लागल्यावर जोडी?"

केसरच्या हातातला खडू पडला. "व्हय, बा," ती म्हणाली. नऊ दिवसांनी 'बा' ऐकलं आणि माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

भाकरी तिच्या टेबलावर ठेवून मी थेट टपाल कचेरी गाठली. मला बघून येसाजी घाबराघुबरा उभा राहिला. मी त्याचा हात धरला आणि भर बाजारातून त्याला घरी घेऊन निघालो. वाटेत दोघेतिघे हसले.

"माझे जावई," मी थांबून त्यांना सांगितलं.