तीन तोंडं, दोन जावा

मित्रांनो, मी एक जुना प्रवाळ आहे. दिसतो दगडासारखा, पण प्राणी आहे, आणि चांगलाच तापट आहे. शेजारचा प्रवाळ फार जवळ सरकला तर मी त्याला डंख मारून जाळतो. तेव्हा मला उगाच बिचारा म्हणू नका.

समुद्र मी पाहिलेला नाही. पुण्यातल्या एका काचेच्या टाकीत, मोठ्या प्रवाळाचा तुकडा कापून मला वेगळं काढलं. तिथून कळंबला आलो, दीपमाला आणि हर्षाली या दोन जावांच्या घरी. सासूबाई द्वारकाबाईंनी पहिल्याच दिवशी कपाळावर हात मारला. "माणसांला पाणी पुरंना, आन् ह्यांनी दगडासाठी समुद्र केलाय."

पण जावा कष्टाळू होत्या. फिल्टरच्या पाण्यात समुद्री मीठ मोजून घालायच्या. मी वाढलो की हर्षाली बारीक करवतीनं माझा तुकडा कापायची आणि दीपमाला तो औषधात बुडवून चकतीवर चिकटवायची. नियम एकच होता. प्रत्येक तुकड्याला एक तरी अख्खं तोंड हवं. तोंड असलं की तो खातो, जखम भरते आणि पुन्हा वाढतो. माझी लेकरं गिऱ्हाइकांकडे लातूर, सोलापूरपर्यंत गेली. लोक टाकीपुढं उभं राहून माझं कौतुक करायचे, आणि मला ते आवडायचं.

मग हर्षालीनं मोठ्या जावेला न विचारता एक तुकडा माहेरी भावाला दिला. दीपमाला बोलली, ही उलटून बोलली, शब्दानं शब्द वाढला आणि घरात मधे भिंत उभी राहिली. सामानाची वाटणी झाली. करवत हर्षालीला, औषधाची बाटली दीपमालाला. शेवटी मी उरलो. माझ्या अंगावर तेव्हा तीन तोंडं होती.

"दोन तोंडं माझ्याकडं येतील. थोरली मी हाय," दीपमाला म्हणाली.

"मोठेपण तेवढं तुमचं, आन् कापायला हात माझे व्हय?" हर्षाली म्हणाली.

"एकीनं एकच घ्या की गं," द्वारकाबाई म्हणाल्या. "वाढंल की ते."

"मग घेऊ द्या त्यांनाच एक," हर्षाली म्हणाली.

"न्हाय घेत. मधनं काप."

नियम दोघींनाही ठाऊक होता. तरी हर्षालीनं करवत बरोबर मधल्या तोंडावर धरली. दीपमालाच्या हातात बाटली होती, तिनं झाकण उघडलंसुद्धा नाही. माझा डंख पोचला असता तर त्या दिवशी मी दोघींनाही जाळलं असतं.

कापलेला एक तुकडा दीपमालानं नेला, उरलेला मी हर्षालीच्या वाट्याला आलो. फाटलेलं तोंड सडू लागलं. सड लागली की तेवढा भाग कापायचा आणि लगेच औषधात बुडवायचा, एवढाच उपाय. हर्षाली कापत राहिली, पण औषध नव्हतं, म्हणून सड पुन्हा चढत राहिली. पलीकडे दीपमाला माझा दुसरा तुकडा औषधात बुडवत राहिली, पण तिच्याकडे करवत नव्हती. तो आठवड्यात मेला. त्याचा पांढरा सांगाडा तिनं धुऊन खिडकीत ठेवला, हर्षालीला येता-जाता दिसेल असा. किती हा आकस!

आता सड माझ्या उरलेल्या तोंडाजवळ आली आहे. कापून भागेल म्हणून हर्षालीनं नवं औषध मागवलंच नाही, आता ते पार्सलनं यायला आठवडा लागेल. माझ्याकडे दोन दिवसही नाहीत. आज सकाळी हर्षालीनं मला पाहिलं, तिचे डोळे भरले, आणि ती तशीच बाहेर पडली. दीपमालाच्या उंबऱ्यापाशी उभी राहिली. हाक मात्र तिच्या तोंडातून फुटली नाही. ती परत आली.

मित्रांनो, मला खुशाल कापा, माझी हरकत नाही. पण जिवंत जीव रागाच्या भरात वाटू नका. आणि तुमच्यापैकी कुणाचं कळंबला त्या घरी जाणं-येणं असेल, तर दीपमालाला एवढंच सांगा, की हर्षाली दारापर्यंत येऊन गेली. जमलं तर आजच जा.