घंटीची वाटी

“पन याच्यात फिरवाचं काय?”

टाकळीचे सरपंच भैयाजी रेडिओच्या पेटीवरून बोट फिरवत होते. पुढून, बाजूने, खालून. गुळगुळीत सागवानी पेटी, मध्ये जाळी आणि चालू-बंद करायची एक कळ, बस. आत नागपूर केंद्राचा माणूस बोंडअळीबद्दल इतकं स्वच्छ बोलत होता, की ओट्यावरचं कुत्रं दोनदा उठून पेटीमागे त्याला शोधून आलं होतं.

“काईच फिरवाचं नाई, भैयाजी,” पेटी बनवणारा प्रेमदास म्हणाला. “तेच तर त्याच्यातलं काम हाय.”

“मंग रेडिओ कायचा गा हा?”

प्रेमदासने काडी घेऊन मातीत आडवी रेघ ओढली, तिच्यावर एक उंच उभी रेघ आणि दूर दूर चारदोन बुटक्या.

“हवेत सारे टेशनं एकदमच बोलतेत. बाजारात दुरून कसा नुसता कल्ला आयकू येते? पन मिरचीवाली तिच्याच जागी बसते, बांगडीवाला त्याच्याच. तसं ज्याचं त्याचं कंपन ठरलेलं. कंपनीचा रेडिओ, तुमी लावसान ते टेशन उचलून आधी एका जागी आनते, मंग गाळते. त्याच्यासाठी काचेच्या दिव्यांची, म्हंजे व्हॉल्व्हची, वरात लागते. टाकळीले नुसतं नागपूर पाह्यजे. ही उंच रेघ त्याची, बाकीच्या बुटक्या, दूर. मंग उचलाचं कायले? नागपूर बसलं हाय तिथंच चाळनी लावली. दोन व्हॉल्व्हात काम.”

भैयाजींनी रेघा नीट पाहिल्या. कोतवाल नत्थूनेही पाहिल्या.

“मिस्तरी, समजलं सारं,” भैयाजी म्हणाले. “बटन बसवून आनजो.”

महायुद्धात प्रेमदास पलटणीच्या बिनतारी खात्यात होता. युद्ध संपल्यावर सरकारने त्याला घरी पाठवलं. घर नव्हतं म्हणून तो सेलूला सासऱ्याकडे गेला, आणि तिथून त्याला कोणीच कुठे पाठवलं नाही. सासरे लक्ष्मणराव यांचं सायकलचं दुकान होतं. दिवसा जावई पंक्चर काढी. संध्याकाळी भाड्याच्या सायकली आत आल्या की उरलेल्या जागेत तो आणि बायको कमला निजत. बाहेर जायचं तर सगळ्या सायकली काढाव्या लागत आणि खडखडाटाने लक्ष्मणराव जागे होत. त्यामुळे लघवी हा त्या घरात जाहीर कार्यक्रम होता.

टाकळीच्या पंचायतीने पेटी घेतली आणि देखभालीचं काम दिलं, तर वेगळी खोली घेता येणार होती.

“पेटी इकली त खोली घ्या, जावईबुवा,” लक्ष्मणराव म्हणाले होते. “नाई इकली त सोलूशनची ट्यूब कुठी राह्यते, तुमाले माहीत हाय.”

प्रेमदास पेटी घेऊन परत आला. सायकलींमागच्या भिंतीवर कोळशाने तीच आडवी रेघ काढलेली होती. ती पाहून, चूल फुंकता फुंकता, “मंग एकच चाळनी पुरते की,” असं म्हणणारी साऱ्या तालुक्यात एकटी कमलाच होती. त्याने एका मोडक्या सायकलच्या घंटीची वाटी काढली, स्क्रूने पेटीवर बसवली. चकचकीत होती. छान फिरे. आत तिला काहीच जोडलेलं नव्हतं.

टाकळीने पेटी डोक्यावर घेतली. पहिल्याच आठवड्यात गावात दोन पार्ट्या पडल्या. वाटी उजवीकडे ठेवली की बातम्या खणखणीत येतात, असं भैयाजींचं मत. डावीकडे ठेवल्याशिवाय भजनाला गोडी नाही, असं विरोधकांचं. हाणामारी नको म्हणून पंचायतीने नत्थूला फिरवण्याच्या कामावर नेमलं. सारखं फिरवून स्क्रू ढिला होई, म्हणून दर शनिवारी मिस्तरीने येऊन बटन पाहावं असं ठरलं. प्रेमदासने बनवलेल्या वस्तूत बिघडण्यासारखं एवढंच होतं आणि त्याच्यावरच त्याला खोली मिळाली.

मग शेजारच्या गावाने पेटी मागितली. “तुमची जुनी नोको. दोन बटनाची पाह्यजे.”

त्या शनिवारी तो टाकळीच्या ओट्यावर बराच वेळ पेचकस हातात धरून बसला. खरं सांगितलं तर काम जाणार, कामाबरोबर खोली, आणि पुन्हा सायकलींच्या मागे. नागपूर बोलत होतं. त्याने वाटी काढली आणि सगळ्यांपुढे पेटी वळवली.

“पाहा. हिच्यामागं काईच नाई. कधीच नव्हतं.”

भैयाजींनी वाकून लाकडातल्या स्क्रूच्या भोकाला डोळा लावला.

“आवाज बसला पाह्य,” ते म्हणाले.

“गेलाच गा,” नत्थू म्हणाला.

आवाज तोच होता, तसाच. प्रेमदासने कान दिला. डाव्या पार्टीचे लोकही पुढे सरकले. ते पहिल्यांदाच उजव्या पार्टीशी सहमत होते.

“काऊन खेळून राह्यला, मिस्तरी? बसवून दे ना.”

त्याने बसवून दिली. नत्थूने ती जरा फिरवली.

“आता कसं!” भैयाजी म्हणाले. “येजो शनवारी.”

खोली लहान होती, पण दार सरळ उघडे. कितीतरी दिवसांनी प्रेमदासने घरासाठी पेटी बनवली, त्याच्या मनासारखी, पुढून कोरी. कळ दाबली. बाई गात होती. कमला ओले हात पदराला पुसत आली आणि पेटीसमोर बसली. गाणं संपेपर्यंत तिने तिची बोटं दोनदा पेटीपर्यंत नेली आणि मागे घेतली.

“फिरवाचं काय पाह्यतं?” तो म्हणाला. “तुले तर मालूम हाय.”

“मालूम हाय वो, काई होत नाई ते. पन मी हात कुठी ठिवू?”

टाकळीसाठी प्रेमदासच्या खिशात एक जादा वाटी असे. ती त्याने काढली, धोतराला पुसली आणि पेचकस शोधायला उठला.