कांद्याला मिळालेला वारा

मित्रांनो, माझी खरखर ऐकून हसू नका. मी एक जुना टेबल पंखा आहे. शहाण्णव साली सरिताच्या लग्नात तिच्या वडिलांनी मला नाशिकहून आणलं आणि आम्ही दोघं चांदवडजवळच्या मळ्यात नांदायला आलो.

सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. मग सरिता आजारी पडली. दुप्पट भाकरी खाऊनही ती वाळत चालली. हात थरथरायचे, काळीज धडधडायचं, डोळे पुढे आले. पौषाच्या थंडीतही ती मला लावून बसायची.

नाशिकच्या डॉक्टरांनी तिच्या नवऱ्याला, संतोषला, बजावलं, "गळ्यातली थायरॉईडची ग्रंथी जास्तच काम करतेय. रोज गोळ्या द्या. मला विचारल्याशिवाय बंद करू नका." गोळ्यांनी सरिताचं अंग भरलं. झालं! सासू सिंधुबाई म्हणाल्या, "धडधाकट हाय की आता! बंद कर ती थेरं." संतोषने गोळ्या आणणं सोडलं.

पावसाळ्यात दुखणं उलटलं. तेव्हाच घरामागच्या, साठवणीच्या चाळीतला कांदा सडू लागला. दमट हवेत कांदा सडतो, हे शेंबडं पोरही सांगेल. पण सिंधुबाईंना दिसले सरिताचे डोळे. "हिचीच नजर लागली! बघा कशी डोळे वटारते!" मीठमोहऱ्या ओवाळून झाल्या. सरिताला मागच्या बिनखिडकीच्या खोलीत टाकलं आणि मला उचलून चाळीत नेलं, कांद्याला वारा घालायला!

त्या खोलीची भिंत चाळीला लागून होती. सरिताला सडकून ताप भरला, तेव्हा मला सगळं ऐकू येत होतं.

"आत्याबाई, अंगाची लाही होतीय. घटकाभर पंखा द्या ना."

"कांदा सडल्यावर खायचं काय? नाटकं नको करू!"

संतोष ओट्यावरच होता. तो उठला नाही. मला पाती होती, पाय नव्हते. दुसऱ्या दिवशी दुपारी सरिताची हाक थांबली.

दुखवट्याला बायका जमल्या. सिंधुबाई पदराने वारा घेत म्हणाल्या, "संतोष, तो पंखा आण रं. पाव्हण्यांना लय उकडतंय." असा मी घरात परत आलो.

पुढच्या पावसाळ्यात कांदा पुन्हा सडला. तेव्हा नजर लावायला घरात कोणी नव्हतं.

मित्रांनो, अशा आजारी माणसाच्या डोळ्यांना नावं ठेवू नका, त्याचे घास मोजू नका. त्याला विसावा द्या, त्याची गोळी चुकवू नका. मला पुसलं नाही तरी चालेल. पण कोणी वारा मागितला, तर जिवंतपणी द्या.