अकरापैकी एक

छोट्या शेहेचाळीस वर्षांचा होता. डोक्यावरचे केस मोजता येतील इतकेच उरले होते आणि ऑफिसात नऊ माणसं त्याच्या हाताखाली होती. पण थोरल्या बहिणीसाठी तो अजून छोट्याच होता. ताई एका आर्किटेक्टकडे एकतीस वर्षं नकाशे काढून निवृत्त झाली होती. निवृत्त माणसं कुंड्यांना पाणी घालतात आणि गुडघ्यांविषयी बोलतात. हिनं दोघं लहानपणी खेळायची तो जुना चक्रव्यूहाचा गेम शोधून काढला, त्याच्या लेव्हल्स बनवायला शिकली आणि आठ महिने खपून अकरा लेव्हल्स रचल्या. आधी कागदावर, पट्टी-पेन्सिलीनं, जिन्याची पायरी न पायरी मोजून.

त्या गेमचे वेडे लोक जगभर होते. ते दरवर्षी नवख्यांच्या लेव्हल्समधून निवडक घेऊन एक संग्रह काढत. एकदा नाकारलेलं मात्र ते पुन्हा बघत नसत. त्यामुळे पाठवायचं तर पक्कं करूनच पाठवायला हवं होतं.

"बाकीचे सगळे छान छानच म्हणतात," पेनड्राइव्ह त्याच्या हातावर ठेवत ताई म्हणाली. "तू खेळून बघ आणि खरं सांग. वाईट असतील तर मी पाठवणार नाही."

काम टाळायचं असलं की प्रोग्रामर आधी त्या कामासाठी हत्यार बनवायला बसतो. छोट्यानं एक स्क्रिप्ट लिहिली, म्हणजे चिमुकला प्रोग्राम. काळ्या खिडकीत एक शब्द आणि पुढे आकडा टाइप करायचा, की त्या आकड्याची लेव्हल लावून गेम सुरू. उण्यापुऱ्या अठरा ओळी. आपली स्क्रिप्ट कधी कुरकुरत नाही याचा त्याला भारी अभिमान. म्हणून त्यानं एक ओळ मुद्दाम घातली होती: लेव्हलची फाइल सापडली नाही तर तक्रार करायची नाही, मुकाट्यानं मूळचा गेम सुरू करायचा.

त्यानं एक हा आकडा टाइप केला. गेम उघडला. स्क्रिप्ट चालते म्हणून स्वतःवर खूश होऊन तो वीस मिनिटं खेळला, चार वेळा मेला, तेवढ्यात ऑफिसातून फोन आला आणि त्यानं खिडकी बंद केली. उरलेल्या दहा लेव्हल्स सुट्टीच्या दिवशी बघू, असं त्यानं ठरवलं. मग सुट्ट्या आल्या आणि गेल्या. फोन आला तो ताईचा.

"खेळलास का रे?"

"म्हणजे काय! सगळ्या खेळलो."

थाप इतक्या सहज निघाली, की मारणाऱ्यालाही नंतरच कळली. पुढची तर ओघानंच आली. "पहिली तर अगदी मूळ गेमसारखी वाटते गं!"

"बरं. आणि सातवी?"

"सातवी..." छोट्यानं घसा साफ केला. "सातवी थोडी लांबते."

"वरच्या मजल्यामुळे का?"

"हां, तेच! वरचा मजला." हात बघणारे भविष्यवाले गिऱ्हाइकाच्याच तोंडून सगळं काढून घेतात, तसं चाललं होतं. "तो काढलास तर सुटसुटीत होईल."

फोन ठेवल्यावर त्याला थोडं ओशाळल्यासारखं झालं. जेवेपर्यंत तेही गेलं.

रविवारी पाठवायची शेवटची तारीख होती. शनिवारी दुपारी ताईनं त्याला घरी बोलावलं. लेव्हल्सबरोबर ती स्क्रिप्टही पाठवावी, म्हणजे बघणाऱ्यांना सोपं जाईल, असा तिचा विचार. तिच्या कॉम्प्युटरवर त्यानं सगळं जागच्या जागी घातलं आणि खुर्ची तिला दिली. तिनं चष्मा सारखा केला आणि एका बोटानं एक टाइप केला.

करड्या भिंती, समोर दार, डावीकडे पिंप.

"ही माझी नाही," ताई म्हणाली. "ही मूळ गेमची पहिली."

गेम बंद करून तिनं सात टाइप केला. करड्या भिंती, समोर दार, डावीकडे पिंप. मग चार. मग अकरा. तेच दार, तेच पिंप.

छोट्यानं वाकून फोल्डर उघडला. ताईनं अकराही फाइल्स पेनड्राइव्हवरही आणि इथंही एका वेगळ्या फोल्डरमध्ये नीट लावून ठेवल्या होत्या, नकाशे ठेवायची सवय तशी. स्क्रिप्ट मात्र बाहेरच शोधत होती. तिला एकही फाइल कधी सापडली नव्हती, आणि तिनं ते कधी सांगितलंही नव्हतं. एक ओळ बदलायचा अवकाश. त्यानं ती बदलली.

पण ताई एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका नकाशात शोधत आली होती. "म्हणजे कुठलाही आकडा घातला तरी हीच उघडत होती," ती सावकाश म्हणाली. "तू दुसरा एक जरी आकडा घातला असतास ना, तर तुला कळलं असतं."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं छोट्याला झालं. कामाचा फार ताण होता, हे वाक्य जिभेवर आलं आणि त्यानं ते गिळलं.

"चुकलो, ताई. एकच उघडली होती. तीही तुझी नव्हती, आणि ते मला ओळखूही आलं नाही."

तिनं पुन्हा सात टाइप केला. या वेळी तिची लेव्हल उघडली. मोठा चौक, खांबांची रांग, आणि कोपऱ्यात रुंद जिना, बारीक कलाकुसरीचा. वर चढत जावंसं वाटत होतं, पण जिना अकराव्या पायरीवर एका कोऱ्या भिंतीला जाऊन भिडत होता.

"वरचा मजला?"

"काढला. तीन आठवडे लागले होते त्याला."

"जुनी प्रत असेल ना कुठेतरी?"

"त्याच फाइलवर सेव्ह केलं. तू इतक्या खात्रीनं बोललास."

मग तिनं पाठवायचं टिपण उघडलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं: माझ्या धाकट्या भावानं अकराही लेव्हल्स शेवटपर्यंत खेळून तपासल्या आहेत. "ही तेवढी तू काढ," ती म्हणाली. त्यानं ती एकेक अक्षर मागं जात खोडली. बहिणीकडे बघायची छाती नव्हती.

"ताई, मी आता बसतो. इथंच. अकराच्या अकरा खेळतो आणि खरं काय ते सांगतो. उद्यापर्यंत वेळ आहे."

"नको."

"अगं, खरंच खेळतो."

"खेळशील रे, माहीत आहे मला." तिच्या आवाजात राग असता तर त्याला सोसलं असतं. "पण वाईट असल्या तरी आता तुला तसं म्हणता येणार नाही, छोट्या."