तिसरा शिक्का

ऑगस्टात आमच्या गावात कुणी काम मागायला जाऊ नये. खाटीक, केस कापणारी, टायरवाला, सगळे शटर ओढून समुद्रावर जातात आणि सप्टेंबरात भेटू अशी चिठ्ठी दारावर डकवतात. फ्रान्सला कामाला गेलेले गाववाले सुट्टीला मोठाल्या गाड्या घेऊन येतात आणि चौकात सार्डिन मासे भाजत बसतात. नेमका त्याच महिन्यात देओलिंदाला एक शिक्का कमी पडला.

शर्टांचा कारखाना जानेवारीत बंद पडला. त्यात आम्ही दोघी होतो, चौतीस वर्षं. मी काजं करायची, देओलिंदा कॉलर लावायची. बेकारी भत्ता मंजूर झाला, पण त्याच्यासाठी दर पंधरा दिवसांनी गावच्या कचेरीत हजेरी द्यायची आणि महिन्याला तीन ठिकाणी काम मागितल्याचा कागद दाखवायचा. दुकानदार कागदावर 'गरज नाही' असं लिहितो आणि शिक्का मारतो. हे सगळ्या गावाला पाठ झालं होतं. खाटीक तर मला दारात बघूनच शिक्का काढायचा आणि वर कलेजी हवी का विचारायचा.

मला या प्रकाराचं हसू यायचं. देओलिंदाला नाही. ती कागदाची घडी घालून पर्समध्ये टाकायची आणि घरी पोचेपर्यंत तोंड उघडायची नाही. मला तिचा रागच यायचा, साध्या शिक्क्याचं कसलं दुःख करायचं? शेवटी एकदा म्हणाली, "फेलिस्मिना, सात महिन्यांत वीस जणांनी मला लिहून दिलंय की माझी गरज नाही. तू खुशाल हस." त्यानंतर मी हसले नाही.

तर त्या गुरुवारी माझे तीन शिक्के झाले होते, देओलिंदाचे दोनच, आणि हजेरी दुसऱ्या दिवशी. तिसरा नसता तर भत्ता थांबला असता, आणि तिचा नवरा पाठ धरून घरी बसलेला, म्हणजे चूल त्याच भत्त्यावर. आम्ही उन्हात अख्खं गाव पालथं घातलं. उघडं होतं एकच दुकान, बेल्मिरोचं. माणसं ऑगस्टातही मरतात, त्यामुळे शवपेट्यांच्या दुकानाला सुट्टी परवडत नाही.

देओलिंदा त्या दुकानासमोरून कधी चालत नाही, रस्ता ओलांडून पलीकडून जाते. मी तिचा दंड धरला. म्हटलं, इथे तुला कोण काम देणार आहे? शिक्का घे आणि चल.

बेल्मिरोने चष्मा लावला आणि कागद वरपासून खालपर्यंत वाचला. आजवर तो कुणीच वाचला नव्हता. मग त्याने विचारलं, कारखान्यात काय करायचात. कॉलर, ती पुटपुटली. तेव्हा तो म्हणाला की पेट्यांची आतली अस्तरं आणि उश्या त्याची बायको शिवायची, पण तिच्या डोळ्यांना आता सुई दिसत नाही.

"'गरज नाही' असं कसं लिहू, दोना देओलिंदा?" तो अदबीने म्हणाला. "गरज आहे."

ती पांढरीफटक पडली. मीही घाबरले, कारण मिळालेलं काम नाकारलं की भत्ता जातो, असं सगळे सांगायचे. आणि तिला इथवर ओढून आणणारी मी. मी घाईघाईने सांगितलं की हिला मयताच्या घरी नुसतं उभं राहिलं तरी भोवळ येते. बेल्मिरो म्हणाला, मयत तिच्या नजरेला पडणारच नाही. शिवणाची खोली मागे आहे, खिडकी अंजिराच्या झाडाकडे उघडते. आणि त्याने नमुना म्हणून एक पांढरी साटीनची उशी तिच्यापुढे ठेवली.

ती हात लावेना. नुसती बघत राहिली. मग शिवण दिसली तशी तिने उशी उचललीच.

"ही कुणी शिवली?"

"मीच," बेल्मिरो ओशाळून म्हणाला.

"सेन्योर बेल्मिरो, ज्याला यावरून पुन्हा उठायचं नाही, त्याच्या डोक्याखाली असली शिवण?"

तोवर आमच्या बाईसाहेबांनी टेबलावरची कात्री घेऊन टाके उसवायला सुरुवात केली होती. सात महिने तिचे हात शिवशिवत होते आणि मी, तिची मैत्रीण म्हणवणारी, तिला शिक्के गोळा करत फिरवत होते. मी दीड तास तिथे पेट्यांच्या कड्यांचे नमुने बघत बसले.

शुक्रवारी कचेरीत नेहमीसारखी दाराबाहेरपर्यंत रांग होती. निम्मा कारखाना तिथे असतो, पण जो तो असा उभा राहतो, जणू दुसऱ्या कुणाला सोबत म्हणून आलाय. खिडकीतल्या मुलीने देओलिंदाला नीट समजावलं, की असलं काम नाकारलं तरी भत्ता जात नाही, पण घेतलं तर सोमवारपासून बंद, अजून दहा महिने मिळणार होता, तेव्हा विचार करा.

"लिही," देओलिंदा म्हणाली. "सोमवारपासून मी कामावर आहे."

आवाज चौकापर्यंत गेला असावा. मुलगी दचकली. "दोना, मला ऐकू येतं."

"ठाऊक आहे, बाळा. पण सात महिने मी इथे कुजबुजतच बोललेय."

कुठे लागलीस, असं मागून कुणीतरी विचारलं. तिने सांगितलं, तर दोघीतिघींनी छातीवर क्रूसाची खूण केली. मला मात्र रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. तेवढ्यात इस्त्री विभागातली इडालिना देओलिंदाच्या कानाशी वाकली. बेल्मिरोला अस्तरांना इस्त्री करायला कुणी लागतं का, म्हणून तिने हळूच विचारलं.

देओलिंदा तिच्याकडे वळली.

"मोठ्याने विचार," ती म्हणाली.