कारखाना शांत ठेवला तो दिवस

मायक्रॉन हे काही त्याच्या आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. बावीस वर्षं तो लेथवर लोखंड कातणारा टर्नर होता आणि केसाच्या सत्तराव्या हिश्श्यावरून, म्हणजे एका मायक्रॉनवरून, लोकांशी भांडायचा, म्हणून कारखान्यानं ते बहाल केलं. पुढे त्याची नजर कडेकडून आत आटत गेली. जग आधी खिडकीएवढं उरलं, मग किल्लीच्या भोकाएवढं, आणि आता त्या भोकातही कुणी कापूस कोंबल्यासारखं धुकट. कारखान्यानं रीतसर निरोप समारंभ केला, चार शब्द बोलले आणि भेट म्हणून घड्याळ दिलं. भिंतीवरचं.

त्याला आता तीन वर्षं झाली. त्याची काही तक्रार नव्हती. म्हणजे कुणी विचारत नव्हतं. हात मात्र त्याला स्वस्थ बसू देत नव्हते. नखांतलं काळं तेल निघावं म्हणून बायकोनं बावीस वर्षं साबण झिजवले होते. आता ती नखं दंतवैद्याच्या नखांसारखी स्वच्छ होती, आणि त्याला ती आपली वाटतच नव्हती. दुपारी बायको बाजारात गेली की तो तिच्या शिलाई मशीनच्या तेलाची बाटली उघडायचा, दोन थेंब बोटांवर चोळायचा आणि बोटं नाकाशी धरून बसायचा. तेल इतक्या लवकर कसं संपतं, हे बायकोनं एकदाही विचारलं नाही. नवी बाटली तेवढी आणून ठेवायची. पहिलीपेक्षा मोठी.

अंध आणि अधू नजरेच्या माणसांना काम मिळवून देणाऱ्या संस्थेतल्या एक ताई त्याच्या मागे लागल्या होत्या. ताईंचाही एक डोळा नावापुरताच. कागद इतका जवळ धरायच्या की वाचतायत की वास घेतायत ते कळू नये. त्यांनी त्याला टेलिफोनचं काम सुचवलं, मालिशचं सुचवलं, खुर्च्या विणण्याचं सुचवलं, शेवटी मेणबत्त्यांचं सुचवलं. ज्याला उजेड दिसत नाही त्यानं उजेड करून विकावा, ही कल्पना नक्की कुणा डोळस माणसाची असणार, असं मायक्रॉनचं मत पडलं. ताईंचंही तेच मत होतं, पण यादी वरून आली होती.

त्याला लोखंड हवं होतं. दुसरं काही नको.

ताईंनी महिनाभर जोडे झिजवले आणि एक छोटा कारखाना शोधला. काम तपासणीचं. लेथवरून उतरलेल्या बुशच्या, म्हणजे लोखंडी नळकांड्याच्या, भोकात गेज ही मापाची दांडी घालून बघायचं: गेजचं एक टोक सरळ आत जायला हवं, दुसरं जाता कामा नये. डोळ्यांचा प्रश्न नाही, सगळा बोटांचा मामला. मालकानं एक दिवस घेऊन बघायचं कबूल केलं. ताईंनी आधीच्या आठवड्यात त्याला कामाची पाळी चालू असताना तिथं नेऊन वाटही पाठ करून दिली. दारातून आत, कॉम्प्रेसर डाव्या कानाला ठेवून सरळ. ड्रिलचा आवाज समोर आला की उजवीकडे. ग्राइंडर मागे पडला की टेबल. घरी तो बोळात सराव करायचा तेव्हा बायको स्वयंपाकघरातून कॉम्प्रेसर व्हायची. तिला तो आवाज फारच छान जमायचा.

परीक्षेच्या दिवशी ताईंना मागे ठेवून मायक्रॉननं काठी टेकत दारातून आत पाऊल टाकलं, आणि आत कारखानाच नव्हता.

म्हणजे होता. पण मालक दयाळू होता. अंध माणूस येतोय, त्याचं चित्त विचलित होऊ नये, म्हणून त्यानं झाडून सगळी मशीनं बंद करवली होती. अठरा कामगार तोंडाला कुलूप लावून, पाय न वाजवता, भिंतीला टेकून उभे होते. मायक्रॉन सहा पावलं गेला. डाव्या कानाला काही नाही, समोर काही नाही. सातव्या पावलाला खोक्यांची चळत आली आणि ती पडली. कुणी हसलं नाही. ते त्याला फार लागलं. जुन्या कारखान्यात चार दिवस त्याची टर उडवली असती.

मालकानं त्याला हाताला धरून टेबलाशी बसवलं आणि प्रेमानं विचारलं, की नजर गेली की कान तिखट होतात म्हणे?

मायक्रॉन म्हणाला, की त्याच्या बाबतीत तसं काही घडलेलं नाही. बायकोला अजूनही दोनदा हाक मारावी लागते.

त्यानं ट्रे तपासायला घेतला. मध्येच त्यानं विचारलं, की काढून टाकलेले बुश कुठे ठेवायचे? सगळ्यांनी एकसाथ बोटानं दाखवलं. बरोबर चाललंय का, विचारलं तर अठरा माना हलल्या. कानात नुसती पोकळी होती. ट्रे संपला तेव्हा त्याला स्वतःलाच कळलं होतं, की काम बिघडलंय.

मालक मात्र गहिवरला. वा, म्हणाला. तुमची नोकरी पक्की. गेटजवळ केबिन आहे, पंखा आहे, पगार पूर्ण. तुम्ही काही करायचं नाही, नुसतं बसायचं.

ताईंचा नेमणुकीचा कागद नाकाशी गेला. त्या वर्षात त्यांनी लावून दिलेली ही तिसरीच नोकरी ठरणार होती. मायक्रॉननं मान हलवली की दिवस गोड होणार होता.

"माझ्या ट्रेत किती चुकले?" मायक्रॉननं विचारलं.

मालक पुन्हा पंख्याबद्दल सांगू लागला.

"फोरमन कोण आहे इथं?"

"मी," कोपऱ्यातून आवाज आला. जाडाभरडा, कामाचा. मग ट्रेतले बुश गेजनं तपासून, मालकाकडे न बघता, "पाच."

"पाच," मायक्रॉन म्हणाला. "आणि मला केबिन देताय. साहेब, घरी बसायला माझी खुर्ची आहे. मशीनं चालू करा आणि दुसरा ट्रे द्या. नाही जमलं तर हाकला."

मालक म्हणाला, की अहो, एवढ्या गोंगाटात तुम्हाला त्रास होईल.

"तुम्ही आवाज बंद केलात साहेब, म्हणजे माझे दिवे घालवलेत."

मालकानं ताईंकडे पाहिलं. ताईंनी कागदाची घडी घालून पर्समध्ये टाकली आणि म्हणाल्या, "करा चालू."

आधी कॉम्प्रेसर धापा टाकत उठला, आणि डावीकडे भिंत उभी राहिली. मग ड्रिल. मग ग्राइंडर. एकेक करत खोलीला कोपरे फुटले, छत आलं. आणि सगळ्यात शेवटी, त्याच्या पाठीमागे दहा हातांवर, लेथ. कापायचं टूल लोखंडाला लागलं तेव्हा मायक्रॉनचा हात आपसूक पुढे सरकला, चाक फिरवायला. तिथं टेबलाची कड होती. तो थोडा वेळ ती कडच धरून राहिला. मग त्यानं गेज उचललं.

फोरमननं सगळा ट्रे पुन्हा तपासला. घाई केली नाही.

"एक चुकलाय. आणि वेळ दुप्पट लावलास," फोरमन म्हणाला. "महिनाभरात हात बसला नाही तर मी ठेवणार नाही. उद्या आठला ये."

ताईंच्या डोळ्यांना धार लागली. चांगल्या आणि नावापुरत्या, दोन्ही.

निघताना वाट लेथजवळून जात होती. मायक्रॉननं विचारलं, की जरा हात लावू का? फोरमन म्हणाला, चालू मशीनला परक्या माणसानं हात लावायचा नाही. बरोबर होतं. त्याच्या लेथवर असं कुणी आलं असतं तर त्यानंही हेच सांगितलं असतं, शिवाय शिवी दिली असती.

तो तिथंच उभा राहिला. तापलेल्या लोखंडाची, तेलाची वाफ तोंडावर येत होती. टूलचा सूर शेवटाकडे चढत गेला, थांबला, पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. असे तीन बुश झाले.

"काका, बाजूला व्हा, लोखंडाच्या चिप्स उडतायत," लेथवरचा म्हणाला.

मायक्रॉन बाजूला झाला. एकच पाऊल.